कंपनीमार्फत धारण केलेल्या गुंतवणूक मालमत्तेची करआकारणी

भाडे मिळवण्यासाठी किंवा भाववाढीच्या अपेक्षेने घेतलेली जमीन, सदनिका, दुकानाचा गाळा, गोदाम अथवा कारखान्याची शेड व्यक्तीऐवजी कंपनीच्या नावावर असल्यास तिच्यावर लागणाऱ्या करांचा विचार कंपनीमार्फत धारण केलेल्या गुंतवणूक मालमत्तेची करआकारणी या विषयात होतो. भारतात त्यात प्रामुख्याने प्राप्तिकर, मुद्रांक शुल्क, वस्तू व सेवा कर आणि महापालिकेचा मालमत्ता कर यांचा समावेश होतो. कंपनीचा प्राप्तिकराचा दर वरच्या टप्प्यातील व्यक्तीच्या दरापेक्षा कमी असू शकतो. मात्र कंपनीने मिळवलेला पैसा भागधारकाच्या हाती पडताना त्यावर दुसऱ्यांदा कर लागतो, तसेच कायद्याने केवळ व्यक्ती व हिंदू अविभक्त कुटुंब यांना दिलेल्या अनेक सवलती कंपनीला मिळत नाहीत. त्यामुळे मालमत्ता कंपनीच्या नावावर असणे हे बहुतेक वेळा करमाफीचे नव्हे, तर कर पुढे ढकलण्याचे साधन ठरते.

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील चिकलठाणा या औद्योगिक परिसरात हा विषय विशेष महत्त्वाचा आहे. तेथील अनेक भूखंड व शेड उद्योजक कुटुंबांच्या कंपन्यांच्या नावावर असतात, आणि उत्पादन थांबल्यावर ती कारखान्याची जागा आपोआप गुंतवणूक मालमत्ता बनते.

या लेखातील कलमांचे क्रमांक प्राप्तिकर अधिनियम, १९६१ मधील असून दर वित्त वर्ष २०२५-२६ चे आहेत. त्याची जागा घेणारा प्राप्तिकर अधिनियम, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला. त्यात कलमांची फेररचना झाली व 'कर वर्ष' ही संज्ञा आली. तथापि भाडे व भांडवली नफा यांवरील कराची मूळ चौकट कायम आहे. न्यायनिर्णयांपुढे कंसात दिलेली वर्षे ते निर्णय प्रसिद्ध झाल्याची आहेत.

## कायदेशीर आधार

कंपनी ही कायद्याच्या दृष्टीने तिच्या भागधारकांहून वेगळी व्यक्ती असते. एखाद्या कुटुंबाकडे कंपनीचे सर्वच्या सर्व शेअर असले, तरी कंपनीची जमीन किंवा इमारत त्या कुटुंबाची होत नाही; कुटुंबाची मालकी केवळ शेअरवर असते. करकायद्यात हे तत्त्व मुंबईतील बाचा एफ. गझदर विरुद्ध प्राप्तिकर आयुक्त (१९५५) या खटल्याने पक्के झाले. चहाच्या कंपन्यांच्या उत्पन्नापैकी ६० टक्के भाग शेतीचे उत्पन्न म्हणून करमुक्त होता. अशा कंपन्यांच्या भागधारक असलेल्या गझदर यांनी आपल्याला मिळालेल्या लाभांशाचाही ६० टक्के भाग शेतीचे उत्पन्न मानावा, अशी मागणी केली. सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. भागधारकाला नफ्यातील वाट्याचा हक्क असतो, परंतु कंपनीच्या मालमत्तेत त्याचा हितसंबंध नसतो. म्हणून कंपनीच्या हातातील उत्पन्नाचे स्वरूप लाभांशाला चिकटत नाही, असे न्यायालयाने ठरवले.

या तत्त्वाचे दोन परिणाम होतात. कंपनी आपल्या उत्पन्नावर स्वतंत्रपणे कर भरते आणि भागधारक लाभांशावर वेगळा कर भरतो. शिवाय कंपनीला घरभाड्यावर मिळालेली वजावट किंवा भांडवली नफ्यावरील सवलतीचा दर लाभांशाबरोबर भागधारकापर्यंत पोहोचत नाही.

## इतिहास

मालमत्ता कंपनीत ठेवून कर वाचवण्याचे प्रयत्न व ते रोखण्यासाठी केलेले कायदे यांचा भारतातील इतिहास जुना आहे. संपत्ती कर अधिनियम, १९५७ हा सुरुवातीला कंपन्यांनाही लागू होता. १९६० पासून कंपन्यांना त्यातून वगळण्यात आले. त्यामुळे घरे, भूखंड व दागिने कुटुंबाच्या खाजगी कंपनीच्या नावावर करण्याकडे कल वाढला. त्यावर उपाय म्हणून अर्थमंत्री प्रणव मुखर्जी यांच्या काळात वित्त अधिनियम, १९८३ च्या कलम ४० अन्वये, ज्यांत जनतेचा भरीव सहभाग नाही अशा कंपन्यांच्या जमीन, इमारत, दागिने आदी ठराविक मालमत्तांवर २ टक्के दराने संपत्ती कर पुन्हा लावण्यात आला. पुढे १९९२ मध्ये संपत्ती कराची पुनर्रचना झाली आणि १ एप्रिल २०१६ पासून तो रद्द झाला. मृत व्यक्तीच्या संपत्तीवरील मृत्युकर १९८५ मध्येच संपुष्टात आला होता.

मोजक्या लोकांच्या कंपनीने नफा वाटून न घेता साठवून ठेवल्यास त्यावर जादा कर लावणारी तरतूद १९६१ च्या अधिनियमाच्या कलम १०४ मध्ये होती. ती १९८७ च्या वित्त अधिनियमाने वगळण्यात आली. लाभांशाच्या बाबतीत १९९७ ते २०२० या काळात बहुतांश वर्षे कंपनीच लाभांश वितरण कर भरत असे. १ एप्रिल २०२० पासून तो रद्द होऊन लाभांश भागधारकाच्या हाती त्याच्या टप्प्यानुसार करपात्र झाला. तत्पूर्वी सप्टेंबर २०१९ मध्ये देशी कंपन्यांसाठी कलम ११५ बीएए अन्वये २२ टक्क्यांचा वैकल्पिक दर आणण्यात आला. या दोन बदलांनी आजचे गणित ठरवले: कंपनीच्या पातळीवरील कर घटला व भागधारकाच्या पातळीवरील कर वाढला.

## चिकलठाणा येथील पार्श्वभूमी

चिकलठाणा हे शहराच्या पूर्वेस जालना रस्त्यालगतचे गाव असून ते महापालिकेच्या हद्दीत येते. शहराचा विमानतळ येथेच आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची (एमआयडीसी) स्थापना १९६२ मध्ये झाली आणि त्याच्या चिकलठाणा औद्योगिक क्षेत्रात औषधनिर्माण, यंत्रसामग्री व सुटे भाग बनवणारे कारखाने उभे राहिले. पुढे वाळूज, शेंद्रा आणि बिडकीन ही क्षेत्रे विकसित झाली. शहर वाढत गेले, तसा चिकलठाण्याचा परिसर नागरी वस्तीने वेढला गेला व तेथील जागेला कारखान्याखेरीज व्यापारी मूल्यही आले.

याच परिसरात २०१० मध्ये सुरू झालेला प्रोझोन मॉल हे कंपनीमार्फत भाडेउत्पन्नाची मालमत्ता धारण करण्याचे मोठ्या प्रमाणावरील उदाहरण आहे. तो प्रोझोन समूहातील एम्पायर मॉल प्रायव्हेट लिमिटेड या कंपनीच्या नावे आहे. एका प्रकल्पासाठी एक वेगळी कंपनी स्थापण्याची ही पद्धत बांधकाम व व्यापारी संकुलांच्या क्षेत्रात रूढ आहे. त्यामुळे कर्ज, जोखीम व भागीदारांचा वाटा त्या प्रकल्पापुरता मर्यादित ठेवता येतो. चिकलठाण्यातील दुसरा व अधिक सामान्य प्रकार म्हणजे कुटुंबाची खाजगी मर्यादित कंपनी व तिच्या नावावरील एखादा भूखंड किंवा शेड.

एमआयडीसी भूखंड विकत नाही. ती सामान्यतः ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देते. म्हणून कंपनीकडे जमिनीची मालकी नसून भाडेपट्ट्याचा हक्क असतो. तो दुसऱ्यास देण्यासाठी किंवा शेड पोटभाड्याने देण्यासाठी महामंडळाची परवानगी घ्यावी लागते व शुल्क भरावे लागते. परिसरातील शेतजमिनीबाबत वेगळे बंधन आहे. मराठवाडा पूर्वी हैदराबाद संस्थानात असल्याने येथे हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० लागू असून, शेतकरी नसलेल्यास, म्हणून कंपनीसही, परवानगीशिवाय शेतजमीन घेण्यावर निर्बंध आहेत.

## भाड्याचे उत्पन्न

### उत्पन्नाचे शीर्ष

कंपनीला मिळणारे भाडे 'घरमालमत्तेपासूनचे उत्पन्न', 'धंदा-व्यवसायाचे उत्पन्न' की 'इतर मार्गांनी मिळालेले उत्पन्न' यांपैकी कोणत्या शीर्षाखाली मोजायचे, हा या विषयातील सर्वाधिक वादाचा प्रश्न आहे. शीर्षावर वजावटी अवलंबून असतात.

घरमालमत्तेच्या शीर्षात वार्षिक भाड्यातून मालकाने प्रत्यक्ष भरलेला महापालिकेचा कर वजा होतो. उरलेल्या रकमेच्या ३० टक्के सरसकट वजावट कलम २४ अन्वये मिळते आणि मालमत्तेसाठी घेतलेल्या कर्जावरील व्याज वजा होते. दुरुस्ती, रखवालदार, विमा, लेखापरीक्षण किंवा संचालकांचा पगार असा कोणताही खर्च स्वतंत्रपणे वजा होत नाही. धंद्याच्या शीर्षात मात्र प्रत्यक्ष खर्च व इमारतीवरील घसारा मिळतो. घसाऱ्याचा दर निवासी इमारतीस ५ टक्के व इतर इमारतींस १० टक्के असून जमिनीवर घसारा नसतो.

सर्वोच्च न्यायालयाने ईस्ट इंडिया हाउसिंग (१९६१) प्रकरणात असे ठरवले की, मालक कंपनी आहे किंवा बाजार उभारून भाड्याने देणे हाच तिचा उद्देश आहे, एवढ्याने भाडे धंद्याचे उत्पन्न होत नाही. चेन्नई प्रॉपर्टीज (२०१५) व रायला कॉर्पोरेशन (२०१६) या प्रकरणांत मात्र, मालमत्ता भाड्याने देणे हाच कंपनीचा मुख्य व प्रत्यक्ष धंदा असल्याने भाडे धंद्याचे उत्पन्न मानण्यात आले. त्यानंतर मुंबईच्या राज दादरकर अँड असोसिएट्स (२०१७) प्रकरणात न्यायालयाने या निर्णयांची मर्यादा स्पष्ट केली. त्या भागीदारी संस्थेने मुंबई महापालिकेकडून बाजाराची जागा घेऊन तेथील दुकाने व गाळे पुढे दिले होते. भाडे हा संघटित धंदा असल्याचे पुरेसे पुरावे नसल्याने ते उत्पन्न घरमालमत्तेच्या शीर्षातच धरण्यात आले. उद्देशपत्रिकेतील एका वाक्यापेक्षा प्रत्यक्ष वस्तुस्थिती महत्त्वाची, हे या निर्णयांचे सार होय.

राज दादरकर प्रकरण एमआयडीसीच्या भूखंडांनाही मार्गदर्शक आहे. दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने इमारतीवर हक्क मिळालेल्यास कलम २७ अन्वये 'मानीव मालक' समजले जाते. त्यामुळे 'जमीन महामंडळाची आहे, आम्ही मालक नाही' या कारणाने शेडचे भाडे घरमालमत्तेच्या शीर्षाबाहेर नेता येत नाही.

शेड यंत्रसामग्रीसह दिली व दोहोंचे भाडे वेगळे करता येत नसेल, तर ते उत्पन्न धंद्याचे नसल्यास 'इतर मार्गां'त मोडते. मुंबईतील हॉटेलसाठी सुसज्ज इमारत भाड्याने देणाऱ्या सुलतान ब्रदर्स (१९६४) प्रकरणात हा नियम मांडला गेला. निवासी घराच्या भाड्याबाबतचा वाद २०२४ च्या वित्त अधिनियमाने मिटवला असून, मालकाने निवासी घर भाड्याने दिल्यास ते उत्पन्न घरमालमत्तेच्या शीर्षातच मोजणे बंधनकारक आहे. व्यापारी व औद्योगिक जागांना ही दुरुस्ती लागू नाही.

### रिकामी व स्ववापराची मालमत्ता

कंपनीने आपल्या चालू धंद्यासाठी वापरलेली इमारत घरमालमत्तेच्या शीर्षात येत नाही. स्वतःच्या राहत्या घराचे वार्षिक मूल्य शून्य धरण्याची सवलत कंपनीस मिळत नाही, कारण कंपनी 'राहू' शकत नाही. कंपनीच्या नावावरील सदनिकेत संचालक विनाभाडे राहत असल्यास ती सोय त्याच्या हातात करपात्र लाभ ठरते.

## कराचे दर व दुहेरी आकारणी

कलम ११५ बीएएचा पर्याय निवडलेल्या कंपनीस २२ टक्के कर, त्यावर १० टक्के अधिभार व ४ टक्के उपकर मिळून २५.१६८ टक्के दर लागतो. नव्या करप्रणालीत व्यक्तीस २४ लाख रुपयांवरील उत्पन्नावर ३० टक्के दर असून उपकरासह तो ३१.२ टक्के होतो. उत्पन्न २ कोटी रुपयांपेक्षा अधिक असल्यास २५ टक्के अधिभारासह दर ३९ टक्क्यांवर जातो.

पुढील तक्त्यात वार्षिक १२,००,००० रुपये भाडे व १,००,००० रुपये मालमत्ता कर असलेल्या, कर्ज नसलेल्या शेडचे काल्पनिक उदाहरण दिले आहे. भाडे घरमालमत्तेच्या शीर्षात असून व्यक्ती व भागधारक दोघेही ३१.२ टक्क्यांच्या टप्प्यात आहेत. कंपनीचा इतर खर्च व हिशेबातील घसारा विचारात घेतलेला नाही.

| तपशील | व्यक्ती (रुपये) | कंपनी (रुपये) |
|---|---|---|
| मालमत्ता कर वजा जाता भाडे | ११,००,००० | ११,००,००० |
| ३० टक्के वजावट | ३,३०,००० | ३,३०,००० |
| करपात्र उत्पन्न | ७,७०,००० | ७,७०,००० |
| प्राप्तिकर | २,४०,२४० | १,९३,७९४ |
| करानंतर शिल्लक रोकड | ८,५९,७६० | ९,०६,२०६ |
| सर्व रक्कम लाभांशरूपाने वाटल्यास त्यावरील कर | — | २,८२,७३६ |
| कुटुंबाच्या हाती उरलेली रक्कम | ८,५९,७६० | ६,२३,४७० |

पैसा कंपनीतच ठेवल्यास वर्षाला ४६,४४६ रुपये कर कमी लागतो. तो वाटल्यास मात्र कुटुंबाच्या हाती २,३६,२९० रुपये कमी येतात. या तफावतीमागे दोन वेळा लागणाऱ्या कराबरोबर आणखी एक कारण आहे. व्यक्तीला मिळणारी ३० टक्के वजावट कायमची करमुक्त राहते. कंपनीच्या बाबतीत तीच रक्कम पहिल्या टप्प्यात करमुक्त राहून लाभांश म्हणून वाटली जाताच पूर्ण करपात्र होते.

भागधारकांचे उत्पन्न कमी असल्यास चित्र बदलते. नव्या प्रणालीत १२ लाख रुपयांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर कलम ८७ए अन्वये करसूट मिळते व लाभांश त्यात मोडतो. तथापि पती किंवा पत्नीस पुरेशा मोबदल्याविना शेअर दिले असल्यास त्यांवरील लाभांश, तसेच अज्ञान मुलांच्या नावावरील शेअरचा लाभांश, कलम ६४ अन्वये सामान्यतः देणाऱ्याच्या किंवा पालकाच्या उत्पन्नात मिळवला जातो.

## भांडवली नफा

स्थावर मालमत्ता २४ महिन्यांपेक्षा अधिक काळ धारण केल्यास तिच्या विक्रीवरील नफा दीर्घकालीन ठरतो. २३ जुलै २०२४ पासून त्यावर १२.५ टक्के दराने कर लागतो व महागाई निर्देशांकानुसार खरेदी किंमत वाढवून धरण्याची सवलत, म्हणजे इंडेक्सेशन, बंद झाली. त्या तारखेपूर्वी घेतलेल्या जमीन व इमारतीसाठी निवासी व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंबास जुन्या पद्धतीने, म्हणजे इंडेक्सेशनसह २० टक्के दराने, येणारा कर कमी असल्यास तेवढाच भरण्याची मुभा ठेवण्यात आली. कंपनीला ही मुभा नाही.

उदाहरणार्थ, वित्त वर्ष २०१०-११ मध्ये ४० लाख रुपयांस घेतलेली मालमत्ता २०२५-२६ मध्ये १ कोटी ४० लाख रुपयांस विकली, तर १२.५ टक्के दराने १२,५०,००० रुपये कर येतो. निर्देशांक १६७ वरून ३७६ झाल्याने वाढीव खरेदी किंमत सुमारे ९०.०६ लाख रुपये होते व २० टक्के दराने कर सुमारे ९,९९,००० रुपये येतो. व्यक्ती दुसरा आकडा निवडू शकते, कंपनी नाही. दोन्ही आकडे अधिभार व उपकर वगळून आहेत. कलम ११५ बीएएखालील कंपनीस ते धरून प्रत्यक्ष दर १४.३ टक्के पडतो.

नफा पुन्हा घरात गुंतवून कर वाचवण्याच्या कलम ५४ व ५४एफ या सवलतीही व्यक्ती व हिंदू अविभक्त कुटुंबापुरत्याच आहेत. कंपनीस कलम ५४ईसी उपलब्ध आहे. त्यानुसार विक्रीपासून ६ महिन्यांत ठराविक रोख्यांमध्ये कमाल ५० लाख रुपये गुंतवता येतात.

घसारा घेतलेल्या इमारतीला कलम ५० लागू होते. अशी इमारत कितीही वर्षे जुनी असली, तरी तिच्यावरील नफा अल्पकालीन मानला जातो. भाडे धंद्याचे उत्पन्न म्हणून दाखवून घेतलेल्या घसाऱ्याची किंमत अशा रीतीने विक्रीच्या वेळी मोजावी लागते.

जमीन किंवा इमारत रेडीरेकनरनुसारच्या मुद्रांक मूल्याहून कमी किमतीस विकल्यास आणि फरक १० टक्क्यांहून अधिक असल्यास कलम ५०सी अन्वये मुद्रांक मूल्य हीच विक्री किंमत धरली जाते. मात्र हे कलम 'जमीन वा इमारत' यांना लागू असून त्यांतील भाडेपट्ट्याच्या हक्काला नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने ग्रीनफिल्ड हॉटेल्स (२०१६) प्रकरणात मान्य केले. एमआयडीसीच्या भूखंडांच्या हस्तांतरणात या निर्णयाला महत्त्व आहे.

## कंपनीतून पैसा वा मालमत्ता बाहेर काढणे

लाभांशाऐवजी कर्ज म्हणून पैसा घेण्याचा मार्ग कलम २(२२)(ई) ने रोखला आहे. मोजक्या लोकांच्या कंपनीने किमान १० टक्के मताधिकार असलेल्या भागधारकास कर्ज किंवा उचल दिल्यास, संचित नफ्याच्या मर्यादेपर्यंत ती रक्कम लाभांश मानली जाते. पुढे कर्ज फेडले, तरी एकदा लागलेला कर टळत नाही.

संचालकाचा पगार हा धंद्याच्या शीर्षात वाजवी मर्यादेत खर्च म्हणून वजा होतो. पण कंपनीचे उत्पन्न केवळ घरमालमत्तेच्या शीर्षात असेल, तर हा मार्ग बंद होतो. कंपनी गुंडाळताना मालमत्ता भागधारकांना वाटल्यास कंपनीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, परंतु भागधारकाच्या हाती संचित नफ्याइतका भाग लाभांश व उरलेला भाग भांडवली नफ्याच्या हिशेबात धरला जातो.

मालमत्ता न विकता कंपनीचे शेअर विकणे हा आणखी एक मार्ग होय. मुंबईत सदनिकेचा ताबा कंपनीच्या शेअरला जोडलेल्या जुन्या इमारती आहेत. अशा सदनिकेवरील हक्क ही विक्रीयोग्य मालमत्ता असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने हिल प्रॉपर्टीज प्रकरणात २०१३ साली मान्य केले. अशा व्यवहारांना पायबंद घालण्यासाठी नोंदणीकृत बाजारात सूचीबद्ध नसलेल्या शेअरचे मूल्य काढताना कंपनीकडील स्थावर मालमत्ता मुद्रांक मूल्याने धरावी लागते. शेअर त्याहून कमी किमतीस दिल्यास विकणाऱ्यास कलम ५०सीए व घेणाऱ्यास कलम ५६(२)(एक्स) लागू होऊ शकते.

## मुद्रांक शुल्क

महाराष्ट्रात महापालिका क्षेत्रातील खरेदीखतावर ५ टक्के मूळ मुद्रांक शुल्क व त्यावर स्थानिक अधिभार लागतो. व्यक्तीने आपल्या नावावरील मालमत्ता स्वतःच्याच कंपनीला दिली, तरी तो कायद्याने दोन व्यक्तींमधील व्यवहार असल्याने मुद्रांक शुल्क व भांडवली नफा दोन्ही लागू होतात. एकल मालकीचा संपूर्ण धंदा कंपनीकडे सोपवताना कलम ४७ मधील अटी, विशेषतः किमान ५ वर्षे ५० टक्के शेअर व मताधिकार राखण्याची अट, पाळल्यास प्राप्तिकरात सूट मिळते.

राहते घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुले अथवा नातवंडांना बक्षीस दिल्यास मूळ मुद्रांक शुल्क केवळ २०० रुपये आहे, आणि निवासी घर महिलेने खरेदी केल्यास १ टक्का सवलत मिळते. कंपनी या दोन्ही सवलतींच्या बाहेर आहे. याउलट शेअर हस्तांतरणावरील मुद्रांक शुल्क १ जुलै २०२० पासून ०.०१५ टक्के आहे. वारसांमध्ये वाटे करताना मालमत्तेचे तुकडे न पाडता शेअर वाटता येतात, हा कंपनीचा करेतर फायदाही आहे.

## वस्तू व सेवा कर

व्यापारी वा औद्योगिक जागेच्या भाड्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. सेवांसाठी नोंदणीची सर्वसाधारण मर्यादा वार्षिक २० लाख रुपये आहे. नोंदणी नसलेल्या मालकाने नोंदणीकृत भाडेकरूस व्यापारी जागा दिल्यास १० ऑक्टोबर २०२४ पासून हा कर सामान्यतः भाडेकरूने भरायचा असतो. राहण्यासाठी दिलेले निवासी घर करमुक्त आहे. मात्र कंपनीसारख्या नोंदणीकृत भाडेकरूस ते दिल्यास भाडेकरूवर कराची जबाबदारी येते.

भाड्याने देण्यासाठी स्वतः बांधलेल्या इमारतीच्या सिमेंट, पोलाद आदींवर भरलेल्या कराचे क्रेडिट मिळावे की नाही, यावर मॉलच्या मालकांचा दीर्घकाळ वाद चालला. भुवनेश्वरच्या सफारी रिट्रीट्स प्रकरणात ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने काही इमारती 'प्लांट' ठरू शकतात, असे म्हटले. परंतु वित्त अधिनियम, २०२५ ने १ जुलै २०१७ पासून पूर्वलक्षी दुरुस्ती करून ती वाट बंद केली.

औद्योगिक महामंडळाच्या भूखंडाचा भाडेपट्टा एका उद्योगाने दुसऱ्यास हस्तांतरित केल्यास त्यावर हा कर लागत नाही, असा निर्णय गुजरात उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये तेथील औद्योगिक विकास महामंडळाच्या भूखंडांसंदर्भात दिला. एमआयडीसीचे भूखंडही भाडेपट्ट्याचेच असल्याने महाराष्ट्रातील उद्योगांनाही हा प्रश्न भेडसावतो.

## बंद कारखान्याची जागा

चिकलठाण्यासारख्या जुन्या औद्योगिक क्षेत्रात या सर्व तरतुदी एकाच जागेवर एकत्र येतात. एखाद्या कुटुंबाच्या कंपनीने काही दशकांपूर्वी भूखंड घेऊन शेड बांधली व त्यावर घसारा घेतला. पुढे उत्पादन थांबले आणि शेड गोदाम म्हणून भाड्याने दिली, अशी स्थिती घेतल्यास पुढील गोष्टी संभवतात.

* धंदा बंद झाल्याने भाडे घरमालमत्तेच्या शीर्षात जाते, आणि संचालकांचा पगार व कार्यालयाचा खर्च भाड्यातून वजा होत नाही.
* पोटभाड्यासाठी महामंडळाची परवानगी व शुल्क, भाड्यावर वस्तू व सेवा कर आणि महापालिकेचा मालमत्ता कर यांची जबाबदारी येते.
* मागील वर्षांचा तोटा पुढे ओढला जात असेल व दरम्यान ५१ टक्के शेअरची मालकी बदलली, तर कलम ७९ अन्वये तो तोटा गमावला जाऊ शकतो.
* जागा विकल्यास भाडेपट्ट्याच्या हक्कावरील नफा व इमारतीवरील नफा वेगवेगळे मोजले जातात. १ एप्रिल २००१ पूर्वी घेतलेल्या हक्कासाठी त्या दिवशीचे बाजारमूल्य खरेदी किंमत म्हणून घेता येते. घसारा घेतलेल्या शेडला कलम ५० लागते.
* कर भरून उरलेली रक्कम कुटुंबाकडे आणताना लाभांशावर पुन्हा कर लागतो.

कारखाना बंद न करता नागरी क्षेत्राबाहेर हलवल्यास कलम ५४जी अन्वये सूट मिळू शकते. त्यासाठी मूळ जागा केंद्र सरकारने जाहीर केलेल्या नागरी क्षेत्रात असणे आणि नफा हस्तांतरणापूर्वी १ वर्ष किंवा नंतर ३ वर्षांच्या आत नव्या ठिकाणची जमीन, इमारत, यंत्रसामग्री व स्थलांतराचा खर्च यांत गुंतवणे आवश्यक असते. जागा सक्तीने संपादित झाल्यास कलम ५४डी ही वेगळी सवलत आहे.

मराठवाड्यातील अशा वादांची अपिले प्राप्तिकर अपिलीय न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाकडे व त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर येथील खंडपीठाकडे जातात.

## पर्यायी रचना

मर्यादित दायित्व भागीदारी (एलएलपी) या रचनेत उत्पन्नावर ३० टक्के, अधिक उपकर व उत्पन्न १ कोटी रुपयांहून अधिक असल्यास १२ टक्के अधिभार, असा कर लागतो. मात्र भागीदाराला मिळणारा नफ्याचा वाटा कलम १०(२ए) अन्वये करमुक्त असल्याने दुसऱ्या टप्प्याचा कर नसतो. नफा नियमितपणे काढून घेणाऱ्या कुटुंबांसाठी हा फरक निर्णायक ठरतो. मोठ्या व्यापारी मालमत्तांसाठी सेबीच्या २०१४ च्या नियमांखालील स्थावर संपदा गुंतवणूक न्यास, म्हणजे रीट, ही रचना आहे. त्यात न्यासामार्फत येणारे भाडे व व्याज न्यासाच्या नव्हे, तर प्रामुख्याने युनिटधारकाच्या हाती करपात्र होते.

## इतर देशांतील स्थिती

ब्रिटनमध्ये २०१७ ते २०२० या काळात व्यक्तिगत घरमालकांना निवासी मालमत्तेच्या कर्जावरील व्याजाची पूर्ण वजावट टप्प्याटप्प्याने बंद करून तिच्या जागी २० टक्क्यांची मर्यादित करसूट देण्यात आली. कंपन्यांना हे बंधन नसल्याने अनेक घरमालक कंपनीकडे वळले. त्याच देशात कंपनीच्या नावावरील महागड्या घरांवर २०१३ पासून स्वतंत्र वार्षिक कर आहे. भारतात मात्र घरमालमत्तेच्या शीर्षातील व्याजाची वजावट भाड्याने दिलेल्या मालमत्तेसाठी व्यक्ती व कंपनी दोघांनाही आहे. त्यामुळे ब्रिटनमधील कारण येथे लागू पडत नाही.

## फायदे व मर्यादा

कंपनीची रचना करदृष्ट्या सोयीची ठरते ती मुख्यतः भाडे दीर्घकाळ कंपनीतच ठेवून नव्या मालमत्तेत किंवा कर्जफेडीत वापरायचे असेल, मालकांचे व्यक्तिगत उत्पन्न वरच्या टप्प्यात असेल, किंवा अनेक गुंतवणूकदारांचे वाटे सांभाळायचे असतील तेव्हा. मर्यादित दायित्व आणि मालकाच्या मृत्यूनंतरही टिकणारे अस्तित्व हे तिचे करेतर गुण होत. भाड्यावर घरखर्च चालणार असेल, मालमत्ता राहण्यासाठी असेल किंवा काही वर्षांत विकून पैसा कुटुंबात आणायचा असेल, तर दुहेरी कर, गमावलेल्या सवलती आणि वार्षिक लेखापरीक्षण व विवरणपत्रांचा खर्च यांमुळे ती महाग पडते. मालमत्ता कंपनीत घालणे व बाहेर काढणे या दोन्ही वेळी कर लागत असल्याने सुरुवातीला निवडलेली रचना नंतर बदलणे अवघड असते.